बाईंचा तिसरा अंक

भाड्याची खोली मिळावी म्हणून मी आयुष्यात एकदाच शुद्धलेखनाची परीक्षा दिली आणि तिच्यात नापास झालो.

गोव्यात धारगळच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो होतो. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेली आमची बरीच पोरं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायची. मला घोरणाऱ्यांचा त्रास. कुणीतरी म्हणालं, पार्श्याला एका निवृत्त मास्तरीणबाईंची मागची खोली रिकामी आहे, पण त्या परीक्षा घेतात. मला वाटलं, चारित्र्याची वगैरे घेत असतील. गेलो. घराच्या पुढच्या सोप्यावर भिंतीला खरोखरीचा फळा टांगलेला होता. शाळेनं नवा फळा आणला तेव्हा जुना बाईंनी घरी आणला होता. बाईंनी माझ्या हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "लिही. विद्युत उपकरणे हाताळताना पुरेशी दक्षता घ्यावी."

मी लिहिलं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"काम काय करतोस म्हणालास?"

"इलेक्ट्रिशियन आहे, बाई. मोटरी दुरुस्त करतो."

"आणि विद्युतमधला द्यु दीर्घ काढतोस? जिच्यावर तुझं पोट चालतं, तिचं नाव तरी नीट लिहावं."

खोली मात्र मिळाली. फळ्यावर माझ्या वाक्याखाली बाईंनी 'सुधारणेस वाव' असा शेरा मारला, आणि तो पुसला जाईपर्यंत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो वाचून माझ्याकडे बघत होता.

बाई अंगानं एवढ्याशा. पण आवाज असा की रस्त्यानं जाणारी मोटारसायकल त्यांनी "थांब!" म्हटल्यावर थांबायची, कारण चालवणाराही त्यांच्याच हाताखालून गेलेला असायचा. सगळं गावच गेलेलं होतं. बसचा कंडक्टर त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेताना अजून उजवा हात पुढे करायचा. डावा पुढे केला तर छडी बसायची, ती सवय.

त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. शिकवताना, समजावताना, पाहुण्यांशी बोलताना छापील मराठी. राग आला की पेडण्याची गावबोली. त्यामुळे माणसाला आपली पत ताबडतोब कळायची. बाई "कृपया नळ बंद करावा" म्हणाल्या तर सवडीनं उठावं. "मेल्या, तो नळ!" असं ऐकू आलं की पळावं.

आणि त्या प्रत्येक गोष्टीला विसापैकी गुण द्यायच्या. शेजारणीच्या माशांच्या हुमणाला, लग्नातल्या नवरीला, पंचायतीच्या उमेदवाराच्या भाषणाला. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालासुद्धा. त्यानं भोंगा नीट वाजवला नाही तर पाव घेतल्यावर त्याला अंगणात उभं करून म्हणायच्या, "पाव सोळा. भोंगा सात. लक्ष नाही तुझं." तो बिचारा मान खाली घालून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरासमोर असा काही भोंगा वाजवायचा की कुत्री उठायची.

बाईंकडे एक संगणक होता. त्या 'कॉम्प्युटर' म्हणत नसत. परदेशी गेलेल्या भाच्यानं जाताना ठेवलेला, जुना, मेजाखाली मोठा डबा असलेला. बाईंनी त्याला जुन्या सुती साडीचं पांघरूण शिवलं होतं. जेवणानंतर त्याला विश्रांती. चार वाजता चहाबरोबर पांघरूण काढायचं. चालू करायच्या आधी हजेरी. मी खोलीतून ऐकायचो:

"पडदा?" आणि त्याच त्याच्या वतीनं म्हणायच्या, "हजर." "कळफलक?" "हजर." "मूषक?" "हजर."

आधी मला वाटलं, बाई एकट्या राहतात म्हणून असेल. मग कळलं की एकदा माउसची वायर निघालेली होती आणि ते न बघता त्यांनी सबंध दुपार बटणं दाबण्यात घालवली होती. तेव्हापासून ही शिस्त.

आता हे सगळं कशासाठी, तर नाटकासाठी. गावातल्या बायकांचं नाट्यमंडळ होतं आणि देवळाच्या उत्सवात त्यांचं दर वर्षी नवं नाटक व्हायचं. लिहिणाऱ्या बाई, बसवणाऱ्या बाई, आणि प्रयोगाच्या वेळी विंगेत उभं राहून आठवण करून देणाऱ्याही बाई. ते इतक्या मोठ्यानं, की मागच्या रांगेतल्या लोकांना संवाद दोनदा ऐकायला मिळायचे. नाटक नेहमी ऐतिहासिक, पण कुठल्याच इतिहासात नसलेलं. लिहायची पद्धत अशी: आधी फळ्यावर लिहायचं, उभं राहून वाचायचं, दुरुस्त करायचं, मग आत जाऊन एका बोटानं संगणकात उतरवायचं आणि बाहेर येऊन फळा पुसायचा. कागद नाही. "कागदाला पाय फुटतात," बाई म्हणायच्या.

त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी तिसऱ्या अंकाच्या छापील प्रतीतून शेवट फुटला होता. प्रयोगात राणीनं विषाचा पेला उचलल्याबरोबर पुढच्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "आता मरतली!" आणि सगळा मांडव हसला. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. म्हणून मी आलो त्या वर्षी पहिले दोन अंक छापून वाटले, तिसरा मात्र तोंडी. पाढे शिकवतात तसा. आणि प्रत्येकीला वेगळं बोलावून. राणीला सकाळी, सेनापतीला दुपारी, दासीला संध्याकाळी. कुणाला दुसरीचे संवाद माहीत नाहीत, कुणाला शेवट माहीत नाही. अख्खा तिसरा अंक फक्त त्या मेजाखालच्या डब्यात.

"आणि तुमच्या डोक्यात," मी म्हणालो.

"माझ्या डोक्यात काही नाही. मी लिहिलं की पुसते. ही शिक्षकाची पहिली सवय," बाई म्हणाल्या.

उत्सव तोंडावर आला आणि संगणक आजारी पडला.

सुरुवातीला नुसता मंद झाला. चार वाजता चालू केला की दिवेलागणीला उघडायचा. मग एखादं वाक्य लिहिलं की थिजायचा. मग एक दिवस निळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं, आणि बाईंची हाक, "अरे, इलेक्ट्रिशियन!"

मी मोटरवाला. संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथे 'वायरीचं काम करणारा' म्हणजे सगळ्या वायरींचा डॉक्टर. मी मान हलवत आत गेलो. बाईंनी मला आपला सिद्धांत सांगितला.

"वर्गात गोंधळ झाला म्हणजे सगळी मुलं वाईट नसतात. एकच असतं. बाकीची त्याच्या नादानं. आपण ते एक शोधायचं. एकेकाला बाहेर काढून उभं करायचं."

सिद्धांत चांगला होता. आम्ही पहिल्यांदा माउसला बाहेर काढलं. फरक नाही. मग कळफलक उलटा करून झटकला. त्यातून चकलीचे तुकडे, एक टाचणी आणि मेलेलं झुरळ पडलं. बाईंनी झुरळाकडे बघून "सापडला!" म्हटलं, पण संगणक तसाच. पडदा शेजारणीच्या टीव्हीच्या वायरीवर लावून पाहिला. शेजारीण मिक्सर लावते तेव्हाच हे होतं असा बाईंना संशय आला, म्हणून तिला दोन दिवस पाट्यावर वाटायला लावलं. ही शेजारीण म्हणजेच नाटकातली दासी. तिनं मुकाट्यानं वाटलं. तिच्या वाट्याला सबंध नाटकात एकच वाक्य होतं, "आज्ञा, महाराणी!" आणि तेवढं तरी राहावं म्हणून ती बाईंना जपून असायची.

मी कारखान्यात विचारलं. स्टोअरमधला बेळगावकडचा एक सहकारी घरी संगणक वापरायचा. तो म्हणाला, "आतली मेमरीची पट्टी काढ, तिची पितळी टोकं खोडरबरानं घास, परत लाव."

हे मी सांगितल्यावर बाईंना झालेला आनंद मी विसरणार नाही.

"खोडरबरानं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग कपाटातून एक डबा काढला. आयुष्यभर मुलांकडून जप्त केलेले खोडरबर. वासाचे, फुलांच्या आकाराचे, अर्धे चावलेले. त्यांनी त्यातला एक निवडला, पट्टी हातात घेतली आणि शांतपणे, एका दिशेनं, कागद फाटू नये अशा बेतानं घासत बसल्या. "आयुष्यभर सांगत आले, खोडण्यात लाज नाही," एवढंच म्हणाल्या.

संगणक चालू झाला! नुसता झाला नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि टक्केवारी दाखवायला लागला. आपलं आपण तपासतोय असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"परीक्षा चालू आहे. कुणी बोलू नये."

आणि खरंच कुणाला बोलू दिलं नाही. पोदेर आला, त्याला लांबूनच हात केला. बाई खुर्ची घेऊन समोर बसल्या, पर्यवेक्षकासारख्या. टक्केवारी सरकत सरकत एका जागी अडकली ती अडकलीच. बाई पुटपुटल्या, "येतंय त्याला. घाबरलाय." संध्याकाळी तो आपोआप बंद पडला. "कोरा पेपर दिला मेल्यानं!" म्हणजे राग आला होता.

त्यानंतर आवाज सुरू झाला. टक्. टक् टक्. टक्.

बाईंनी ताबडतोब ओळखलं. "पाल."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे डब्यात पाल शिरली होती. त्यांनी डब्यावर मोरपीस ठेवलं. मग अंड्यांची टरफलं. आवाज थांबेना. उलट आम्ही काही बोललो की नेमका टक् व्हायचा. मी म्हणालो, "बाई, दुसरं नाटक करा यंदा." टक्. पाल चुकचुकली म्हणजे बोललेलं खरं होतं. नंतर चहा पिताना त्या मला म्हणाल्या, "माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण तू त्याच्यासमोर असं काही बोलू नको."

शेवटी मी माझं हत्यार काढलं. मोटरची बेअरिंग वाजतेय का ते बघायला आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आतलं सगळं ऐकू येतं. तसा स्क्रू-ड्रायव्हर मी संगणकाच्या आतल्या एकेका भागाला लावत गेलो. पंखा ठीक. दुसरा पंखा ठीक. मग कोपऱ्यात बसवलेली एक चपटी लोखंडी डबी होती, तिला टोक लावलं आणि कान झिणझिणला. आत काहीतरी फिरायला बघत होतं, अडकत होतं, पुन्हा बघत होतं.

"बाई, पाल नाही. ही डबीच टकटकते आहे."

त्याच सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "हार्ड डिस्क आहे ती. सगळं लिहिलेलं तिच्यातच असतं. चालली ती. चालू-बंद करत बसू नका, आहे ते काढून घ्या."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी त्या डबीवर बोट ठेवलं.

"इतके दिवस मी हजेरी घेते, आणि हिचं नावच पटावर नव्हतं."

बाई पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या. म्हणजे कशा, तर त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाला गुण दिले नाहीत.

डिस्क थंड करायचा उपाय त्या सहकाऱ्याचाच. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजरात ठेवायची, काढल्यावर थोडा वेळ चालते, कधी कधी. "पण नेमकी चालेलच असं नाही," हेही तो म्हणाला होता. ते मी बाईंना सांगितलं नाही.

अडचण वेगळीच निघाली. तो दिवस सोमवार. बाईंचा सोमवार कडक, आणि फ्रीजरात बांगडे. सोमवारी त्या फ्रीजरच्या दाराला हात लावत नसत. मी लावतो म्हटलं तर, "तू माझ्या घरात राहतोस, म्हणजे तुझाही सोमवार." शेवटी शेजारणीला बोलावलं. तिनं डिस्क दुधाच्या पिशवीत बांधली, पिशवी टिफिनच्या डब्यात घातली आणि डबा दोन बांगड्यांच्या मधे सारला. "बरां थंड जातला," ती म्हणाली, आणि जाता जाता बाई बघत नाहीत असं बघून एक बांगडा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी डिस्क काढली. बांगड्यांचा वास मारत होती. मी ती जोडली, बाईंनी तिला हाक मारली, "हार्ड डिस्क?" आणि आम्ही दोघांनी मिळून म्हटलं, "हजर!"

चालली हो! पडदा उजळला, नाटकाचं फोल्डर उघडलं. तिन्ही अंक समोर. माझ्या हातात नवाकोरा पेन ड्राइव्ह.

"तिसरा आधी घेतो," मी म्हणालो. "पहिले दोन छापलेलेच आहेत."

"पहिला सोडून तिसरा?" बाईंच्या तोंडावर असा धक्का होता, जणू मी पहिलीतल्या पोराला तिसरीत बसवायला निघालोय. "क्रमानं. आधी पहिला."

"बाई, वेळ नाही!"

"वेळ नाही म्हणूनच शिस्त पाहिजे. पहिला!"

मी पहिला घेतला. तो आला. दुसरा घेतला, तोही रखडत रखडत आला. तिसऱ्यावर बोट ठेवलं, पट्टी हिरवी व्हायला लागली आणि डबीतून आवाज आला. टक्. टक्. मग बारीक शिट्टीसारखा. मग काही नाही. जे दोन अंक गावातल्या प्रत्येक नटीच्या उशाखाली छापलेले पडले होते, ते आम्ही वाचवले होते.

बाईंनी साडीचं पांघरूण डब्यावर घातलं, भर सकाळी, आणि उठून फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फळा स्वच्छ होता.

"ज्यांना शिकवलंय त्यांना बोलाव," त्या म्हणाल्या. "उलट दिशेनं करू. मी शिकवलं ते त्या म्हणतील, आणि तू लिहून घे."

संध्याकाळी सोप्यावर तिघी जमल्या. राणी म्हणजे गिरण चालवणारी बाई. भरदार, आवाज पट्ट्याच्या खडखडाटावर मात करून तयार झालेला. सेनापती म्हणजे अंगणवाडीची बाई. मिशी लावायची सवय व्हावी म्हणून ती तालमीला घरूनच लावून यायची. आणि दासी, आमची शेजारीण. मी वही घेऊन बसलो.

"सुरू करा," बाई म्हणाल्या. "दरबार. सेनापती प्रवेश करतो."

सेनापतीनं मिशीवर हात फिरवून बोलायला सुरुवात केली. चांगलं बोलली. पण बोलतच राहिली. त्यात तिच्या शौर्याचं वर्णन होतं, तिच्या घोड्याचं होतं, आणि लहान मुलांना वेळेवर खिचडी मिळाली पाहिजे असंही काहीतरी आलं. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"हे मी लिहिलं?"

"तुमीच शिकवलां, बाई. दुपारी. तुमका झोप येत होती."

बाई दुपारच्या झोपेच्या बाबतीत हळव्या होत्या. त्यांनी मला लिहून घ्यायची खूण केली. मग विषाच्या पेल्याचा प्रसंग आला.

"इथे महाराणी पेला पिते आणि कोसळते," बाई म्हणाल्या. "एवढं मला आठवतं."

"ना," राणी म्हणाली.

"काय ना?"

"माका असां शिकवूंक ना तुमी. मी पेला ओळखतंय आणि फेकून देतंय."

"तू मरतेस!"

"मरणा ना!" गिरणवाली उभी राहिली. "गेल्या वर्सा मेलंय, त्याच्या आधी मेलंय, त्याच्याही आधी बुडून मेलंय. दर वर्सा मीच कित्याक मरूं? माझी भयण यंदा पाळी गावाहून नाटक बघूंक येता. चेडवांक घेऊन. ती पोरां रडतली. आणि मेल्यावर मी त्या सिमेंटार पडून रवतंय, मुंग्यो चावतत, आणि ही" — सेनापतीकडे बोट — "माझ्या पदरार उभी रावन भाषण करता!"

बाई तावातावानं उठल्या. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आपल्याकडे पुरावा नाही. त्यांनी दासीकडे पाहिलं. दासी तरी एका वाक्याची धनी.

"बोल ग. आज्ञा, महाराणी."

दासीनं पदर खोचला. एक पाऊल पुढे आली.

"आज्ञा, महाराणी," ती म्हणाली. आणि थांबली नाही. "पण आज या दासीलाही काही बोलायचे आहे. आजवर या महालात भांडी कोणी घासली? मसाला कोणी वाटला? पाट्यावर! मिक्सर असताना पाट्यावर!"

"राजवाड्यात मिक्सर?" मी विचारलं.

"तू लिही," ती मला म्हणाली.

आणि मी लिहिलं. छापील मराठीत, बाईंच्याच थाटात, ती बोलत होती. वहीचं पान उलटावं लागलं. गिरणवाली तोंडाला पदर लावून बघत होती. बाईंनी विचारलं, "हे मी तुला कधी शिकवलं?"

"संध्याकाळी," दासी जमिनीकडे बघत म्हणाली. "काळोख पडलेलो. तुमका आठवत नसतला."

बाईंनी खडू उचलला, ठेवला. "मिक्सर तेवढा काढ," त्या मला म्हणाल्या. "बाकी राहू दे."

बायकांचं नाटक म्हणून प्रयोग संध्याकाळी लवकर लागला. मांडव भरलेला. गिरणवालीची बहीण मुलींना घेऊन पहिल्या रांगेत. बाई विंगेत उभ्या, मी मागच्या अंधारात वायरी धरून.

तिसऱ्या अंकात राणीनं पेला उचलला तेव्हा एका पोरानं हमखास आरोळी ठोकली, "आता मरतली!" गिरणवालीनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते पोरगं आईच्या मागं गेलं. आणि तिनं पेला भिरकावला. तालमीत रिकामा असायचा. आज त्यात कोकमाचं सरबत होतं. ते सगळं उत्सव समितीच्या एका वजनदार गृहस्थाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर गेलं. ते दचकून उभे राहिले. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. टाळ्या. सेनापतीनं तेवढ्यात प्रसंगावधान राखून "धरा त्या गद्दाराला!" असं म्हणत त्यांच्याकडे तलवार रोखली. मिशी एका बाजूनं सुटून लोंबत होती. त्यांनी घाबरून हात वर केले.

मांडवातला हशा थांबेना. नाटक मोडतंय असं वाटून बाई विंगेतून ओरडल्या, "दासी! दासी, बोल!"

दासी पुढे आली आणि बोलली. आधी लोक हसत होते. मग भांड्यांवर आली तेव्हा बायकांकडून पहिली टाळी आली. मसाल्यावर आली तेव्हा पुरुषही गप्प झाले. मिक्सर तिनं काढला नव्हता. संपलं तेव्हा म्हाताऱ्या बायका उठून उभ्या होत्या, आणि आमची शेजारीण रंगमंचाच्या मधोमध, दोन्ही हात कुठे ठेवावे ते न कळून, तशीच उभी. पडदा ओढणाराही टाळ्या वाजवत होता, त्यामुळे तो पडेना.

बाई विंगेतून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता पेडण्याची भाषा सुरू होणार. त्या म्हणाल्या, "एकोणीस." असा गुण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "एक कापला. राजवाड्यात मिक्सर नव्हता."

उत्सव झाल्यावर म्हापशात एक माणूस मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतो असं कळलं. मी ती डबी नेली. तिला अजून बांगड्यांचा वास होता आणि त्या माणसानं नाकाला रुमाल लावून ती घेतली. काही दिवसांनी त्यानं बोलावलं: सगळं नाही, पण एक फाइल धड निघाली होती. अंक तिसरा.

मी धावतपळत घरी आलो. नवी डिस्क बसवलेल्या संगणकावर तो उघडला. बाईंनी पडद्याला नाक लावून, ओठ हलवत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. राणी मरत होती. सेनापती तिच्या शोकात मरत होता. प्रधान पडद्याआडच पश्चात्तापानं मरत होता. दासीला एक वाक्य होतं.

"तुझ्या मते किती?" बाईंनी मला विचारलं. त्यांनी आजवर मला असं कधी विचारलं नव्हतं.

"मी काय सांगणार, बाई. मी शुद्धलेखनात नापास."

"नऊ," बाई म्हणाल्या. "अक्षर चांगलं म्हणून. नाहीतर सात." आणि त्यांनी तो स्वतःच्या बोटानं पुसून टाकला. "खरंच पुसायचं का?" असं संगणकानं विचारलं तेव्हा त्या त्याच्यावर खेकसल्या, "एकदा सांगितलं ना!"

पुढच्या वर्षी नाटकाचे पहिले दोन अंक ठरल्याप्रमाणे छापून वाटले गेले. तिसरा तोंडी. या वेळीही बाई तिघींना वेगवेगळ्या वेळी बोलवायच्या, पण मी खोलीतून ऐकायचो तर आत नुसता चहाच्या कपांचा आवाज. गिरणीचे भाव, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण. संवाद एकही नाही. उत्सव जवळ आला आणि एका सकाळी बाईंनी मला सोप्यावर बोलावून तिघींच्या देखत सांगितलं, "डिस्क गेली रे परत. तिसरा अंक गेला."

मी आदल्याच संध्याकाळी तो संगणक चालवला होता. ठणठणीत होता. तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कंडक्टरचा डावा हात का पुढे येत नाही ते मला तेव्हा कळलं.

"आता कसां, बाई?" अंगणवाडीची बाई कळवळून म्हणाली.

"आता काय. मी तुम्हांला शिकवलंय ते म्हणून दाखवा."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. आपल्या एकटीलाच काही शिकवलेलं नाही, अशी प्रत्येकीला भीती असावी. मग गिरणवाली उठली, पदर सारखा केला, आणि घसा खाकरून म्हणाली, "बाई, यंदा मी मरतंय. तुमी माका तसांच शिकवलां. पण आधी लांब भाषण आसा. हिच्यापेक्षा लांब." आणि दासीकडे बघितलं.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा वर केला, खाली केला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तसंच शिकवलं होतं. लिही रे."